बाटल्या नकोत, निंबोळ्या गोळा करा

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही औसा तालुक्यातले. साडेतीन एकर रान आणि एक विहीर आहे, तिचं पाणी शिमग्यापर्यंत पुरतं. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. मालक लातूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, जाऊन-येऊन करतात. रान मी आणि सासूबाई बघतो. दरवर्षी सोयाबीन, त्यात थोडी तूर, ओल राहिली तर मागून हरभरा. मागच्या खरिपात खत, तणनाशक आणि फवारण्यांची उधारी फेडून हातात काही उरलं नाही. तेव्हापासून सेंद्रिय करायचं मनात घेतलंय. एका कंपनीचा माणूस गावात आला होता. गांडुळं, बेड, औषधाच्या बाटल्या आणि प्रमाणपत्र सगळं ४५ हजारांत देतो, माल दीडपट भावानं आम्हीच उचलू, म्हणतो. शेजारच्या बांधाला दिरांचं रान आहे. ते म्हणतात, "वैनी, नादी लागू नका, उपाशी मराल." पॅकेज घेऊ का? देशी गाय घेऊ का? सगळं रान एकदम बदलू का? दिरांच्या फवाऱ्याचं काय करू? आणि सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, त्यानं काही अडतं का?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : ताई, पॅकेजचं आधी सांगते, कारण तो माणूस तुम्हाला पेरणीच्या तोंडावर घाई करणार. घेऊ नका. गांडुळांना सावली आणि कायम ओल लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो आणि तुमची विहीर शिमग्यालाच तळाला जाते. घरच्या वापराच्या पाण्याची ओढाताण असताना बेडवर रोज पाणी कोण मारणार? पहिल्याच उन्हाळ्यात गांडुळं जातील आणि ४५ हजारांचं व्याज चालू राहील. बाटल्यांत काय भरलंय ते तुम्हाला तपासता येणार नाही. प्रमाणपत्र तर असं पॅकेजमध्ये देताच येत नाही. हंगामी पिकांच्या रानाला रूपांतरणालाच, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात यायलाच, साधारण दोन वर्षं लागतात, आणि ती दोन वर्षं तुमच्या रानातल्या कामाच्या नोंदींवर मोजली जातात. राहिला दीडपट भाव. तो कुठल्या बाजाराच्या कुठल्या दिवसाच्या भावाच्या दीडपट, वजन कुठे होणार, माल उचलला नाही तर भरपाई कोण देणार, एवढं सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. लिहून दिलं तरी यंदा नकोच, पण मागितल्यावर तो काय करतो हे गावातल्या बाकीच्या बायकांनाही बघू द्या.

साडेतीन एकरांच्या घराला सेंद्रिय शेतीचा पहिला फायदा उत्पन्न वाढून मिळत नाही, उधारी थांबून मिळतो. पहिली एक-दोन वर्षं उतारा खाली येऊ शकतो, हे धरूनच चला. म्हणून माझा क्रम असा आहे: रानात जे आपोआप येतं ते आधी धरायचं, घरात-गावात जे मिळतं ते नंतर, आणि दुकानात जे मिळतं ते सगळ्यांत शेवटी.

रानात आपोआप येणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पाऊस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. आता हिशेब करा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४ हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे अडीच एकरांवर ५० मिलिमीटरचा एक दांडगा पाऊस झाला, की त्या अख्ख्या रेल्वेएवढं पाणी तुमच्या रानात उतरलं. असे पाऊस आपल्याकडे पावसाळ्यात होतात. त्यातलं किती पाणी जमिनीत मुरतं आणि किती माती घेऊन ओढ्याला जातं, यावर तुमचं पुढचं सगळं ठरणार आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात कितीतरी रानं खरडून गेली. वरची काळी माती एकदा गेली की कुठलंही खत, सेंद्रिय असो वा रासायनिक, तिची जागा भरून काढत नाही.

म्हणून मृग लागायच्या आत एक काम करा. सासूबाईंना घेऊन सगळे बांध फिरा. पाणी कुठून शिरतं, बांध कुठे फुटतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचून चिबडतं, हे त्यांना जमिनीच्या कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असणार. जिथे फुटतो तिथे दगड रचून सांडवा करा. बांधावरचं गवत तणनाशकानं जाळू नका, ते बांध धरून ठेवतं. पेरणी उताराला आडवी करा. ट्रॅक्टरवाला उताराच्या बाजूनं लांब तास मारायला बघतो, कारण त्याला वळणं कमी पडतात; त्याच्यापुढे उभं राहून त्याला आडवं चालवायला लावा. गावात रुंद वरंबा सरीचं पेरणीयंत्र मिळत असेल तर सोयाबीन त्यावरच पेरा. पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, आणि बियाणंही कमी लागतं. यंत्र नाही मिळालं तर पेरणीनंतर महिन्याभरानं, शेवटच्या कोळपणीच्या वेळी, दर चार ओळींनंतर कोळप्याच्या जानोळ्याला (पातं धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळून एक सरी पाडून घ्या. ह्या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि उघडीप पंधरा दिवसांची झाली की शेजारच्या रानात आणि तुमच्या रानात फरक दिसतो.

विहिरीचं पुनर्भरणही याच वर्षी करून घ्या, फक्त रानातलं गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडू नका. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन खड्डे घ्यायचे. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यात मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि तिथून पाईपनं पाणी विहिरीत. रोजगार हमीतून किंवा कृषी खात्याच्या एखाद्या योजनेतून मदत मिळते का ते कृषी सहाय्यकाला विचारा. नाही मिळाली तर मालकांच्या दोन सुट्ट्यांचं काम आहे.

आता जमीन. याच महिन्यात माती परीक्षण करून घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडून, नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, त्यांची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवा. रिपोर्ट आला की सगळ्यांत आधी सेंद्रिय कर्ब बघा. तो ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे असं समजा. सोयाबीन-सोयाबीन करत आलेल्या बहुतेक रानांत तो कमीच निघतो, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका. तीन वर्षांनी पुन्हा त्याच जागची माती तपासायची आहे, तेव्हा ताडून बघायला हा कागद जपून ठेवा.

कर्ब वाढवायचा म्हणजे रानातला काडीकचरा रानातच कुजवायचा. मळणीनंतर सोयाबीनचं भुसकट पेटवून देणं आजपासून बंद. जनावरं खातील तेवढं खाऊ द्या, उरलेलं खताला. तुरीचा पाला तर आपला आपण गळतो आणि रानातच पडतो, तुराट्या मात्र चुलीला लागतील, त्या ठेवा. खतासाठी नाडेप पद्धत तुम्हाला बरी पडेल, ती विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात जन्माला आली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं जाळीदार भिंतींचं टाकं. त्यात काडीकचऱ्याचा थर, वर शेणकाल्याचा सडा, वर चाळलेली माती, असे थर भरत जायचे आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. शेण थोडकंच लागतं, हे तिचं वैशिष्ट्य. विटांना पैसे घालू नका, तुराट्यांचा कूड करून चारी बाजूंनी उभा करा. आणि ते आषाढात भरा, म्हणजे ओल पावसाची मिळेल. तीन-चार महिन्यांत खत होतं, रब्बीला हाती येतं. उकिरड्यातलं अर्धं कुजलेलं शेण तसंच रानात टाकू नका, त्यातून हुमणी आणि तणाचं बी दोन्ही येतात.

बांधावर पावसाळ्यात गिरीपुष्पाची फाटी लावून टाका. शेंगवर्गीय झाड आहे, पाल्यात नत्र असतं. पुढच्या वर्षापासून छाटून पाला सरीत टाकता येतो. जीवामृताबद्दल तुम्ही ऐकलंच असेल: २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आणि एका एकराला द्यायचं. जरूर करा, पण जमिनीत ओल असतानाच द्या आणि त्याच्याकडून खताची अपेक्षा ठेवू नका. त्यात अन्नद्रव्यं फार नसतात. ते जमिनीतल्या जिवाणूंना जोर देतं. त्या जिवाणूंना खायला काडीकचरा नसेल तर त्या जोराचा उपयोग नाही. जीवामृतावर सगळी मदार ठेवून खत टाकणं बंद केलेली रानं दोन-तीन वर्षांत थकतात.

गाय घेऊ का, असं विचारलंत. यंदा नको. गाय आणायची तर आधी कडबा पाहिजे, आणि सोयाबीन पेरणाऱ्या घरात कडबा नसतो. विकतचा कडबा घालून गाय सांभाळली तर शेणखत दुकानातल्या खतापेक्षा महाग पडतं. यंदा रब्बीत ज्वारी पेरा, कडब्याची गंज लागली की मग देवणी किंवा लाल कंधारी बघा. दोन्ही जाती आपल्याच मातीतल्या आहेत, ऊन सोसतात, चारा-पाण्याला फार नखरे करत नाहीत. एका गाईचं दिवसाला साधारण १० किलो शेण धरलं तर वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास शेण होतं, हे मोठं भांडवल आहे. तोवर शेजारून शेण आणा, त्या बदल्यात त्यांना भुसकट द्या.

सगळं रान एकदम बदलू नका. एक एकर घ्या. विहिरीजवळचं, आणि दिरांच्या रानातलं पाणी ज्याच्यात उतरत नाही असं. त्याचे मनातल्या मनात तीन तुकडे करा. वीस गुंठ्यांत सोयाबीन आणि तूर, चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तूर बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ घ्या. ती पाच महिन्यांच्या आसपास येते, त्यामुळे शेवटच्या पाण्याच्या टंचाईत सापडत नाही. पंधरा गुंठ्यांत जूनमध्ये मूग पेरा. तो साठ-सत्तर दिवसांत निघतो, झाडं रानातच दाबा, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून त्याच जागी रब्बी ज्वारी, भोवतीनं करडईच्या दोन-तीन ओळी. करडईच्या काट्यांमुळे मोकाट जनावरं आत शिरायला बिचकतात, कोवळी असताना तिची भाजी होते, आणि घाण्यावरून घरच्यापुरतं थोडं तेलही मिळतं. मूग ऐन तोडणीला पावसात सापडला तर शेंगेतच कोंब येतात, म्हणून शेंगा काळ्या पडतील तसतशा तोडत जा, सगळ्या एकदम पिकायची वाट बघू नका. उरलेल्या पाच गुंठ्यांत घरची भाजी, नाडेपचं टाकं आणि एक-दोन सीताफळं. पुढच्या वर्षी सोयाबीन-तूर मुगाच्या जागी आणि मूग-ज्वारी सोयाबीनच्या जागी.

हे काही मी नवीन शोधून सांगत नाही. तुमच्याकडे येळवस, म्हणजे रानात साजरी होणारी वेळ अमावास्या, असते. त्या दिवशी कोपीपुढे (कडब्याच्या खोपीपुढे) जी भज्जी होते, तिच्यात तुरीचे हिरवे दाणे, वाल, हरभरा, पालेभाजी, बोरं, चिंच असं काय काय पडतं, ते सासूबाईंना एकदा सावकाश विचारा. आणि विचारा की त्यांच्या तरुणपणी त्यातलं किती बाजारातून आणावं लागायचं. येळवशीच्या भज्जीतलं बहुतेक सगळं आपल्या रानातून निघालं, तर तुमचं मिश्र पीक जमलं असं मी म्हणेन. कुठल्या मडक्यात, कुठल्या नातेवाइकाकडे वालाचं, अंबाडीचं, गावरान ज्वारीचं बी अजून आहे, हेही त्याच सांगू शकतील. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एकदाच केलात. माझ्या मते तुमच्या रानातली सगळ्यांत जाणती व्यक्ती त्याच आहेत, आणि ह्या कामात त्यांना तुमच्या बरोबरीनं घ्या.

सोयाबीनचं बी घरचंच वापरा. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सात-आठ दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. त्याहून थोडे कमी असतील तर बी वाढवून पेरा, खूपच कमी असतील तर बदला. पेरणीच्या दिवशी बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी), मग रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत चोळून सावलीत सुकवा. ही पाकिटं परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात मिळतात, किंमत फार नसते. दुकानातून आणायच्या मोजक्या वस्तूंत ही धरा. सोयाबीनचं बी हलक्या हातानं चोळा, साल नाजूक असते. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन चांगली भिजल्याशिवाय तिफण जोडू नका, शेजाऱ्यानं जोडली तरी.

आता जे बोलायला लोक टाळतात ते. सेंद्रिय शेतीत सगळ्यांत अवघड गोष्ट कीड नाही, तण आहे. तणनाशक बंद केलं की दोन कोळपण्या आणि किमान एक खुरपणी आलीच. पहिली कोळपणी पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी. पण जुलैत झड लागली आणि आठ-दहा दिवस वाफसाच आला नाही, म्हणजे रान कामाजोगं सुकलंच नाही, तर कोळपं चालत नाही आणि तण डोक्यावर जातं. त्या दिवसांत दीर बांधावर उभे राहून बोलणार, आणि तुमचाही धीर सुटेल. मजुरीच्या बायका तेव्हाच मिळत नाहीत, मिळाल्या तर दर चढलेला असतो. मी एकच एकर म्हणते ते मुख्यतः यासाठी. एक एकर तुम्ही, सासूबाई आणि सावड करणाऱ्या दोन-तीन मैत्रिणी मिळून सावरू शकता, साडेतीन नाही. सावडीचं आत्ताच ठरवून ठेवा: त्यांच्या रानात तुम्ही किती दिवस, तुमच्या रानात त्या किती दिवस. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा म्हणजे कोळपं नीट फिरतं. आणि उपटलेलं तण बी धरायच्या आधीचं असेल तर बांधावर फेकू नका, ओळीतच आंथरा.

किडीसाठी घराभोवतीचे कडुलिंब पुरे आहेत. जूनपासून निंबोळ्या पिकून पडतील, लेकरांना सांगून गोळा करा, गर काढून सावलीत वाळवा. कुटलेल्या निंबोळ्या ५ किलो घेऊन रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायचं, थोडा साबण घालून पाणी १०० लिटर करायचं. हा ५ टक्के अर्क झाला. उन्हात त्याचा गुण जातो, म्हणून दिवस कलल्यावर फवारा, आणि अळी लहान असताना फवारा. मोठ्या झालेल्या अळीला तो आवरत नाही. सोयाबीनच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा, तिच्या ताटांवर चिमण्या-साळुंक्या बसतात आणि अळ्या वेचतात. तुरीला फुलं लागली की एकरी दोन कामगंध सापळे (वासानं नर पतंग पकडणारे) आणि आठेक पक्षी-थांबे लावा. घाटे अळी दिसायला लागली की झाडाखाली जुनी साडी आंथरून झाड हलवायचं. हे आपल्या आजी-पणजी करायच्या, आणि वीस गुंठ्यांतल्या तुरीला ते आजही जमतं.

उरलेल्या अडीच एकरांत यंदा नेहमीचं सोयाबीन-तूर घ्या, पण दोन सवयी बदला. बीजप्रक्रिया आणि चार ओळींनंतरची सरी तिथेही करा. आणि फवारणी दुकानदाराच्या सांगण्यावर किंवा शेजाऱ्यानं फवारलं म्हणून करू नका. आधी रानात फिरून, पानं उलटून बघा, कीड खरोखर नुकसान करण्याइतकी असेल तरच. एवढ्यानं उधारी बरीच खाली येईल. तिथला माल मात्र सेंद्रिय म्हणून कुणालाही विकू नका, वेगळ्या कट्ट्यांत ठेवा. एकाच शेतकऱ्यानं तेच पीक दोन्ही तऱ्हेनं घेतलं तर प्रमाणपत्रालाही अडचण येते, म्हणून दोन-तीन वर्षांत बाकीचं रानही याच वाटेवर आणायचं आहे, हे डोक्यात असू द्या.

दिरांशी वाद घालू नका. ते तुमच्या लेकरांचे काका आहेत, बांधाला बांध आहे, आणि त्यांची भीती खोटी नाही. अशा पॅकेजांनी बुडालेले लोक त्यांनी पाहिले असतील. पॅकेज घेत नाही, एकाच एकरावर करून बघते, हे सांगितलंत की त्यांचा अर्धा विरोध तिथेच जाईल. मग दोन गोष्टी मागा. फवारायच्या दिवशी वारा तुमच्याकडे वाहत असेल तर तुमच्या कडेच्या ओळी दुसऱ्या दिवशी घ्याव्यात. आणि पावसाचं पाणी त्यांच्या रानातून तुमच्या एकरात येऊ नये म्हणून मधला बांध दोघांनी मिळून उंच करावा. तुमच्या बाजूनं बांधालगत शेवरीची दाट ओळ लावा आणि त्यालगतच्या दोन-तीन ओळींचं पीक वेगळं काढा. आणखी एक, जे हमखास विसरलं जातं: फवारणीचा पंप. तणनाशक फवारलेला पंप नुसता विसळून त्यानं निंबोळी अर्क फवारला तर पीक करपू शकतं. त्या एकरासाठी एक साधा पाठीवरचा पंप वेगळा घ्या. ४५ हजारांतला तेवढाच खर्च मला मान्य आहे.

विक्रीची घाई पहिल्या वर्षी नको. आधी घरात खा. उरलेली तूर कट्ट्यानं विकण्यापेक्षा डाळ करून विका. १०० किलो तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, चुणी गाईला होते, आणि बऱ्याच गावांत बचत गटांकडे मिनी डाळ मिल असते. मालकांच्या वर्कशॉपमधली माणसं हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना खरं सांगा: दोन वर्षं रूपांतरणात आहोत, रासायनिक खत-औषध टाकलेलं नाही, रान येऊन बघा. वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असणारा छोटा शेतकरी थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही; फक्त सेंद्रिय मालावरचं 'जैविक भारत'चं चिन्ह वापरता येत नाही. प्रमाणपत्र हवंच असेल तर पीजीएस, म्हणजे सहभागी हमी, पद्धतीनं घ्या. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या रानाची तपासणी करतो, खर्च अगदी कमी येतो. तुमच्या सावडीतल्या बायकांचाच गट होऊ शकतो. आजपासून एक वही घाला: कुठल्या तारखेला काय पेरलं, काय टाकलं, किती मजूर, किती निघालं. त्या वहीशिवाय कुठलंच प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तोटा नेमका कुठे होतो तेही कळत नाही.

सातबाऱ्याचं मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हणजे ते लक्षात राहील; हे काम पेरणीच्या आधी सुरू झालंच पाहिजे. होय, अडतं. सासऱ्यांच्या नावावर रान असेपर्यंत पीककर्ज, विमा, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळीकडे कागद अडतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, पोच घ्या, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा ठेवा. वारसांत सासूबाईंचं नाव येतंच, ते कुणी "कशाला उगाच" म्हणून सोडायला लावलं तर सोडू देऊ नका. नणंदा असतील तर त्यांच्याशीही आत्ताच मोकळेपणानं बोला, कारण वारसांत त्याही आहेत, आणि दिरांशी वाटणी कागदावर झाली आहे की नुसती तोंडी, तेही बघा. तोंडी असेल तर वारस नोंदीबरोबर तीही करून घ्या. मालकांचं नाव लागलं की त्यांच्या हिश्श्यात तुमचं नाव सहधारक म्हणून लावायचा अर्ज त्यांनी करावा, लक्ष्मी मुक्ती योजनेत तशी सोय आहे. रान तुम्ही करता आहात. गटात, बँकेत, प्रशिक्षणाला तुम्ही जाणार आहात, तेव्हा कागदावरही तुमचं नाव पाहिजे. मालकांना हे पत्र वाचायला द्या आणि येत्या साप्ताहिक सुट्टीला दोघं मिळून तलाठी कार्यालयाचे कागद जमवा.